बहिरमच्या पाळण्यावर कापसाचा काटा

अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा–बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि पुढे जानेवारीतही चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक लांबून येतात, लेकरं मात्र आकाशपाळण्यासाठी येतात. आमच्या बारावी विज्ञानच्या वर्गातली एक मुलगी आईला घेऊन पाळण्यात बसली. आई कापूस वेचायला जाते, मजुरी किलोवर, त्यामुळे काट्याशी तिचं रोजचं नातं. खाली उतरल्यावर तिने लेकीला विचारलं, "वर गेलं का जीव हलका होते, पोटात खड्डा पडते. माणूस खरंच हलकं होते का नुसतं वाटते?"

लेकीने तो प्रश्न जसाच्या तसा वर्गात मांडला. मला तो फार मोलाचा वाटला, कारण त्यात "खरंच" आणि "वाटते" हे दोन्ही शब्द होते, आणि बारावीच्या पहिल्याच धड्यातली वर्तुळाकार गती नेमकी याच दोन शब्दांच्या मध्ये अडकते.

वर्गातून तीन उत्तरं आली. पहिलं: वजन कुठे बदलतं, ती नुसती भीती. दुसरं: वर गेलो म्हणजे पृथ्वीपासून लांब गेलो, गुरुत्वाकर्षण कमी झालं. तिसरं, पाठांतर पक्कं असलेल्यांचं: अपकेंद्री बल बाहेर ओढतं, माथ्यावर बाहेर म्हणजे वर, म्हणून हलकं.

दुसरं उत्तर फळ्यावरच निकालात निघालं. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर. पाळण्याच्या तळापासून माथ्यापर्यंत फार तर १४ मीटर. एवढ्याने १० किलोच्या वजनात फरक पडतो तो एका ग्रॅमच्या विसाव्या भागाहूनही कमी. तो कोणाच्या पोटाला कळणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तराचा निवाडा करायला मात्र मोजमाप हवं होतं.

मोजमाप

काटा त्या मुलीच्या घरून आला. शेतात कापसाची गठोडी लटकवून मोजतात तो, गोल तबकडीचा, स्प्रिंगचा, लांब सुईचा. डिजिटल काटा मुद्दाम टाळला, कारण त्यातले बरेचसे आकडा स्थिर झाला की धरून ठेवतात, आणि आम्हाला हलणाराच आकडा हवा होता. काट्याला १० किलो गव्हाची पिशवी दुहेरी दोरीने बांधली, काटा पाळण्याच्या छताच्या दांड्याला अडकवला, आणि समोरच्या दांड्याला मोबाईल असा बांधला की चित्रात तबकडीही यावी आणि मागची सातपुड्याची रांगही. पाळणेवाल्या भाऊंची परवानगी होती. उन्हं कलल्यावर, गर्दी व्हायच्या आधी त्यांनी पाळणा आमच्यासाठी फिरवला.

त्रिज्या मोजायला वर कोणाला चढवायची गरज नव्हती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या अक्षांशावर भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढीच पडते. आपल्याकडची भरदुपार घड्याळात बाराला नसते, सव्वाबारा ते साडेबाराच्या मध्ये असते, कारण भारतीय प्रमाणवेळ अमरावतीच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावरून ठरते. त्या वेळी पाळणा उभाच होता. बसायचा प्रत्येक पाळणा मोठ्या चाकाला ज्या पिनेवर लटकून झुलतो ती खिट्टी. माथ्यावरच्या खिट्टीची सावली टेपने मोजली, बरोबर खात्रीसाठी उभ्या काठीचीही मोजली, आणि तळाच्या खिट्टीची उंची वजा केली. व्यास १४ मीटर, त्रिज्या ७ मीटर.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती हुशार मुलांनाही चकवते. माणूस खिट्टीपासून दीड मीटर खाली बसतो, मग त्याच्या वर्तुळाची त्रिज्या साडेआठ मीटर धरायची का? नाही. बसायचा पाळणा सगळा वेळ खिट्टीच्या खालीच लटकत राहतो, माथ्यावरही आणि तळालाही. त्यामुळे माणसाचं वर्तुळ खिट्टीच्या वर्तुळाएवढंच असतं, फक्त दीड मीटर खाली सरकलेलं. त्रिज्या ७ मीटरच.

एका फेरीला १० सेकंद लागत होते. हे दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन काढलं, एका फेरीवर भरवसा ठेवला नाही.

आता सुई. पाळणा उभा असताना १० वर. फिरायला लागल्यावर तळाला पावणेतेराच्या आसपास, माथ्यावर सात आणि साडेसातच्या मध्ये. इंजिनाच्या धक्क्यांनी सुई थरथरते, म्हणून व्हिडिओ सावकाश चालवून मधला आकडा घेतला. प्रत्येक फेरीत हेच. म्हणजे पहिलं उत्तर गेलं. काट्याला भीती वाटत नाही, आणि तोही माथ्यावर हलकं दाखवत होता.

बल देणारा दाखवा

वर्तुळावर एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा वेग दिशेने सतत बदलत असतो, आणि तो बदल नेहमी केंद्राकडे असतो. त्या बदलाचा दर म्हणजे त्वरण, आणि त्याचं माप म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ख्रिश्चन हायगेन्सने १६५९ मध्ये हे गणित मांडलं, न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ सालचं. आमच्या पाळण्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटरच्या आत, सायकलीचा वेग. त्यावरून केंद्राकडचं त्वरण येतं सेकंदवर्गाला २.७६ मीटर. गुरुत्वत्वरण ९.८, म्हणजे हे त्याच्या ०.२८ पट.

वर्गात मी एकच नियम ठेवतो: बल म्हटलं की देणारा दाखवा. पिशवीवर बल देणारे दोनच. पृथ्वी खाली ओढते, आणि काट्याचा हूक वर ओढतो. तिसरा कोणी नाही. माथ्यावर पिशवीला बाहेर ओढणारी दोरी नाही, हात नाही, काही नाही. मग तळाला काय होतं? केंद्र वरच्या बाजूला आहे, त्वरण वर हवं, म्हणून काट्याने पृथ्वीपेक्षा जास्त ओढायला हवं: १० अधिक २.८, म्हणजे १२.८. माथ्यावर केंद्र खाली आहे, त्वरण खाली हवं. ते काम पृथ्वीच करते, आणि तिच्या ओढीतला २.८ किलोचा भाग पिशवीला वळवण्यात खर्ची पडतो. काट्याला पेलायचे उरतात ७.२. सुई तेच सांगत होती.

तिसऱ्या उत्तरातल्या मुलांचा आकडाही ७.२ येतो. पाळण्यासोबत फिरत राहून हिशेब मांडला तर अपकेंद्री बल धरावंच लागतं, आणि ती पद्धत चुकीची नाही. घोळ तेव्हा होतो जेव्हा मुलं जमिनीवर उभं राहून अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडचं, बल मांडतात आणि त्याच चित्रात अपकेंद्रीही घालतात. मग एकतर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि पाळणा सरळ रेषेत जायला हवा असं निघतं, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. अभिकेंद्री बल हे वेगळं बल नाहीच. पृथ्वीची ओढ आणि काट्याचा ताण मिळून केंद्राकडे जे उरतं, त्याचं ते नाव.

आता गव्हाच्या पिशवीच्या जागी त्या माउलीला बसवा. वजन ५० किलो धरू. पृथ्वी तिला ४९० न्यूटनने ओढते, तळालाही आणि माथ्यावरही. बदलतो तो बाकाचा रेटा: तळाला सुमारे ६२८ न्यूटन, माथ्यावर ३५२. किलोच्या भाषेत ६४ आणि ३६. आपल्याला स्वतःचं वजन म्हणून जे जाणवतं ते पृथ्वीची ओढ नसते, खालून मिळणारा आधार असतो. तो आधार दर १० सेकंदांना ६४ वरून ३६ वर आणि परत ६४ वर जातो. पोटातली आतडी, यकृत हेही शरीराच्या आतून असेच कशाच्या तरी आधाराने टेकलेले, लटकलेले असतात. त्यांचाही आधार कमी होतो. शिवाय आतल्या कानात चुनखडीचे सूक्ष्म कण असतात, ते त्वरण ओळखतात आणि मेंदूला लगेच कळवतात. त्यामुळे तिच्या प्रश्नाचं उत्तर असं: हलकं होणं खरं आहे, पण पृथ्वीने सोडलेलं नाही, बाकाने आधार कमी केला आहे.

तिने यावर जे विचारलं ते वर्गात कोणालाच सुचलं नव्हतं. "मंग चढतानी काहून नाही वाटत? उतरतानीच खड्डा पडते." सुई पाहिली तर माथ्याच्या आधी आणि माथ्यानंतर सारख्या अंतरावर आकडा सारखाच येतो. मध्याच्या उंचीला ओलांडून वर गेलं की चढताना हलकं होणं सुरू होतं, आणि उतरताना त्याच उंचीपर्यंत ते टिकतं. काट्याला चढ-उतार सारखे. माझ्या मते फरक नजरेचा आहे. चढताना समोर आभाळ आणि डोंगर असतो, उतरताना जमीन अंगावर येते, आणि त्या वेळी शरीर आधीच हलकं झालेलं असतं. डोळे मिटून एक फेरी घेतलेल्या मुलांनी माथा कुठे आला हे बरोबर सांगितलं, पण चढ कोणता आणि उतार कोणता यात ती अडखळली.

बाजूला काय होतं

पुस्तकातली गणितं माथा आणि तळ सोडवून थांबतात. खरी मजा आडव्या बाजूला आहे, जिथे खिट्टी केंद्राच्या उंचीला येते. तिथे त्वरण आडवं, केंद्राकडे. पृथ्वीची ओढ उभी. मग पिशवीला आडवं कोण ओढणार? देणारा तोच, काटा. त्यासाठी त्याला तिरपं व्हावं लागतं, म्हणजे ताणाचा एक भाग केंद्राकडे जाईल. ०.२८ या गुणोत्तराचा कोन येतो सुमारे १६ अंश, आणि आकडा १० वरून जरासा वाढून १०.४.

आकडा तसाच आला, दहाच्या वर आणि साडेदहाच्या आत. पण व्हिडिओत काटा तिरपा दिसेना. दोरी पाळण्याच्या दांड्यांना अगदी समांतर. मुलं गोंधळली. मग एका मुलाचं लक्ष मागे गेलं: सातपुड्याची रांगच तिरपी झाली होती. पाळणाही त्याच खिट्टीवर लटकलेला आहे, तोही तेवढाच कलतो, बूड बाहेरच्या बाजूला टाकून, आणि त्याच्यासोबत मोबाईलही कलतो. आत बसलेल्याला सगळं सरळच वाटतं. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर पुरावा हाच वाटतो.

ह्या कलण्यामुळेच बसलेला माणूस बाजूला घसरत नाही. बाक त्याच्याबरोबर तिरपा होतो, आणि बाकाचा रेटा आपोआप हवा त्या दिशेला वळतो. पण खिट्टी गंजलेली असेल तर पाळणा मोकळा झुलत नाही. तो मोठ्या चाकाबरोबर ओढला जातो, भलत्याच बाजूला कलतो आणि मग झटक्याने सुटतो. अशा वेळी माणसाला धरून ठेवायचं काम घर्षणावर येतं, आणि पत्र्याचा गुळगुळीत बाक, वर सिंथेटिक साडी, यांच्यातलं घर्षण भरवशाचं नसतं. पाळणेवाले भाऊ रोज दुपारी एकेक पाळणा हाताने झुलवून पाहतात. जो कुरकुरतो त्याच्या खिट्टीत ग्रीस भरतात, आणि तो मोकळा झुलत नाही तोवर त्यात कोणाला बसवत नाहीत. त्यांनी सूत्र कधी पाहिलेलं नाही, पण जे करतात ते अगदी बरोबर करतात. समोरासमोरचे पाळणे आधी भरायचे, एका अंगाला भार पडू द्यायचा नाही, हेही तसंच. एका बाजूला चार माणसं जास्त बसली की चाक उतरताना धावतं आणि चढताना अडतं, मग एकसारखा वेग राहत नाही.

"जोरानं, भाऊ, जोरानं!"

रात्री गर्दी वाढली की पोट्टे ओरडतात आणि इंजिनाचा आवाज चढतो. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा इथे आहे. भाऊ म्हणाले, "मी कानानं चालोतो, घड्याळ कोन पाह्यते." त्यांचा कान चांगला आहे यात शंका नाही. पण कानाला वेग कळतो, वेगाचा वर्ग कळत नाही.

फेरीचा वेळ १० सेकंदांवरून ८ वर आणला, तर ऐकणाऱ्याला वाटेल, थोडंसंच वाढवलं. त्वरण मात्र ०.२८ वरून ०.४४ पटीवर जातं, दीडपटीहून जास्त. १० किलोची पिशवी तळाला १४.४ आणि माथ्यावर ५.६ दाखवेल. ७ सेकंदांना १५.८ आणि ४.२. ६ सेकंदांना १७.८ आणि २.२. आणि ५.३ सेकंदांना माथ्यावर सुई शून्यावर येईल, म्हणजे बाक आणि माणूस यांच्यात रेटाच उरणार नाही. त्याहून जोरात फिरवलं तर माथ्यावर माणसाला बाकावर ठेवतो तो फक्त पुढचा आडवा दांडा. फेरीचा वेळ नेमका निम्मा केला की त्वरण चौपट होतं. १० वरून ८ हा फरक हाताला केवढासा, आणि ८ वरून ६ हाही तेवढाच वाटतो, पण दुसरी पायरी पहिलीपेक्षा दुपटीहून मोठी आहे.

यात वस्तुमान कुठेच आलं नाही. लहान लेकरू असो की पहिलवान, हलकं होण्याचं प्रमाण एकच. "मी जाड आहे, मला काही होत नाही" याला अर्थ नाही. लेकराचा धोका वेगळा: दांडा त्याच्या कमरेला लागत नाही, आणि माथ्यावर हलकं झाल्यावर त्याला उभं राहणं सोपं जातं. पाळण्यात उभं राहू नका ही पाटी म्हणून तिथेच हवी जिथे लेकरू बसतं.

लोखंडाला मात्र वस्तुमान लागतं. चार मोठी माणसं मिळून २४० किलो धरा. १० सेकंदांच्या फेरीत खिट्टीवर त्यांचा भार १७२ आणि ३०८ किलोच्या मध्ये हेलकावतो. ८ सेकंदांच्या फेरीत १३४ आणि ३४६ च्या मध्ये. पाळण्याचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. धातू एका मोठ्या भाराने तुटतो त्याहून जास्त वेळा तो अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या हेलकाव्यांनी थकून तुटतो. मिनिटाला सहा फेऱ्या, संध्याकाळी चार-पाच तास, महिनाभर, आणि मग सगळं खोलून पुढच्या यात्रेत पुन्हा जोडायचं. बोल्ट आणि पिना रोज पाहायच्या त्या ह्यासाठी.

वेग किती असावा हे ठरवणं आमचं काम नव्हे. ते पाळणा बनवणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने ठरवायचं. आम्ही भाऊंना एवढंच सुचवलं की कानासोबत घड्याळही असू द्या: एका पाळण्याला रंगीत फडकं बांधा, त्याच्या दहा फेऱ्यांना शंभर सेकंद लागतात का पाहा, नव्वदच्या खाली आलं तर इंजिन उतरवा. फडकं बांधलं गेलं. लाल आहे, रात्रीच्या दिव्यातही दिसतं.

मोठा पाळणा, लहान बल

मुलांची एक समजूत होती की पाळणा जितका मोठा तितका खड्डा मोठा. लंडनचा मोठा पाळणा, लंडन आय, २००० सालापासून चालतो, उंची १३५ मीटर, एका फेरीला सुमारे अर्धा तास. त्रिज्या ६० मीटर धरून हिशेब केला तर १० किलोच्या पिशवीत फरक पडतो एक ग्रॅमहूनही कमी. आमच्या काट्याची सुई तिथे हलणारही नाही. वेग म्हणजे परीघ भागिले फेरीचा वेळ, आणि परिघात त्रिज्या असतेच. त्यामुळे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की त्रिज्या एकदाच गुणलेली उरते, फेरीचा वेळ मात्र भागाकारात दोनदा येतो, म्हणून बहिरमचा १४ मीटरचा पाळणा लंडनच्या पाळण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त हलवतो.

आणि शेजारच्याच तंबूत मौत का कुआँ. तिथे चित्र पूर्ण वेगळं, म्हणून फार खोलात जात नाही: वर्तुळ आडवं, भिंतीचा रेटा आडवा, आणि मोटरसायकलला वर धरून ठेवतं ते टायर-फळीतलं घर्षण. १० मीटर व्यास आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर भिंतीचा रेटा वजनाच्या अडीचपट होतो, आणि घर्षणांक, म्हणजे घर्षण भागिले रेटा, किमान ०.४ लागतो. पावसाने फळ्या ओल्या झाल्या की खेळ बंद ठेवतात त्याचं कारण हे.

तराजूचा प्रश्न

शेवटचा प्रश्न पुन्हा त्या माउलीचाच. "ह्या काट्यानं वर मोजलं तं कापूस कमी भरते. तराजूनं मोजलं तं?"

तिच्या मनात मजुरी होती, आणि प्रश्न भौतिकशास्त्रातला पक्का होता. मुलांनी किराणा दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू आणला. एका पारड्यात दोन किलोचं माप, दुसऱ्यात तेवढाच गहू, दोन्ही कापडाने बांधलेले, आणि तराजू छताच्या त्याच दांड्याला टांगला. तळाला दांडी समतोल, माथ्यावर समतोल. पाळणा बाजूला कलला तेव्हा दांडीही पाळण्याच्या तळाशी समांतर राहून कलली, पण एकही पारडं खाली गेलं नाही. माथ्यावर मापही ७२ टक्के होतं आणि गहूही ७२ टक्के होतो, दोन्ही बाजूंची ओढ सारखीच घटते. स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो, तराजू वस्तुमानाची तुलना करतो. पाळणा सुरू होताना आणि थांबताना धक्क्याने पारडी हलली, आणि नंतर पुन्हा जागेवर आली.